तिने हाक मारली होती का

घाटकोपर, २२ फेब्रुवारी १९८७

जानकीवन्सं,

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही आणि साष्टांग नमस्कारही घातला नाही. दीड वर्षात आपण एकमेकींना एक अक्षर पाठवलेलं नाही, तेव्हा एकदम पाया पडले तर तुम्हालाच ते खोटं वाटेल. रागावून वाचा, पण वाचा. म्हणजे बाळ मास्तर वाचतील आणि तुम्ही ऐकाल. मास्तर, मधलं काही गाळू नका आणि पदरचं काही घालू नका.

जुनं भांडण उकरून काढायला लिहीत नाही. त्या गणपतीत सगळी भावकी जमलेली असताना तुम्ही अंगणात म्हणालात, "माझ्याकडे होता तवसर चेडू बोलत होता. तुमी मुंबैक न्हेलात आणि तेची वाट लावलात." मी त्याच पावली क्षमाला उचललं आणि गणपती उठायच्या आधी घर सोडलं. देव बसलेल्या घरातून सून अशी निघून गेली, यावर गावाने किती दिवस तोंड चालवलं असेल ते मला ठाऊक आहे. त्याची मला लाज वाटत नाही. नुसता कंटाळा येतो.

काम वेगळंच आहे. क्षमा आता सहा वर्षांची होईल. अजून एक शब्द बोलत नाही. गेल्या जूनमध्ये इथल्या एका बालवाडीत घातली होती. पहिल्या आठवड्यातच बाईंनी मला बोलावून सांगितलं, "हिला घरीच ठेवा, बाकीची मुलं घाबरतात." तेव्हापासून मी कामावर गेले की शेजारच्या सोनूबाई तिला सांभाळतात. सोनूबाई चांगल्या आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत आणि क्षमा दार उघडं दिसलं की धावत सुटते. म्हणून दाराला वरून कडी लावलेली असते. माझी मुलगी दिवसभर कडीच्या आत असते, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

आता मुलुंडला एक डॉक्टरीणबाई सापडल्या आहेत, मृणालिनी देवस्थळी. बाहेर शिकून आल्या आहेत आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत मुलं तपासतात. इस्पितळात नाव घातलं असतं तर वर्षभर नंबर लागला नसता, शिवाय तिथे पाच मिनिटांत 'मतिमंद' लिहून मोकळे होतात. या बाई तासन् तास जमिनीवर बसून पोरीकडे नुसतं बघतात. खासगी आहेत, परवडायचं ते परवडवतो आहोत. मुलुंडलाच त्यांच्या ओळखीच्या बायकांनी अशा मुलांसाठी एक लहानशी शाळा काढली आहे. जूनमध्ये चार मुलं घेणार आहेत आणि त्यासाठी बाईंचा कागद लागतो.

बाई म्हणाल्या, "आज ती कशी आहे ते मला दिसतं. पहिली तीन वर्षं कशी होती ते मला सांगणारं माणूस हवं." मी त्यांना सांगितलं की गिरण्यांचा संप झाला, हे घरी बसले, मला नोकरी धरावी लागली, आणि वर्षाच्या क्षमाला मी माझ्या नणंदेकडे गावी ठेवली ती तीन वर्षांची होईपर्यंत. बाई म्हणाल्या, "मग नणंदेला घेऊन या."

मी म्हटलं, लिहून विचारते.

तर विचारते. हाक मारली की ती वळायची का? उचललं की अंगाला बिलगायची की लाकडासारखी ताठ व्हायची? चांदोबा, गाय, मांजर असं बोटाने दाखवायची का? दुसऱ्या पोरांत मिसळायची का? आणि बोलायची का? बोलत असेल तर काय, आणि कोणासमोर?

उत्तर पाठवा. माझ्यासाठी नको असेल तर तिच्यासाठी पाठवा.

नलिनी


घाटकोपर, १५ मार्च १९८७

वन्सं,

उत्तर नाही. पोस्टमन रोज आमच्या दारावरून पुढे जातो आणि आता तो माझ्याकडे बघायचंही टाळतो. शिमग्याच्या गडबडीत असाल असं हे म्हणतात. तुमचे भाऊ तुमची बाजू घेत नाहीत आणि माझीही घेत नाहीत, एवढं तुम्हाला माहीत आहेच.

मी आधी नीट सांगितलं नाही म्हणून पुन्हा लिहिते. प्रश्न पुष्कळ विचारले, पण अडलंय ते एकाच ठिकाणी.

तुम्हाला तो शिमगा आठवतो का, क्षमा दोन-सव्वादोन वर्षांची होती तेव्हाचा? मी चार दिवसांची रजा काढून आले होते. चारही दिवस ती माझ्याकडे आली नाही. खळ्यात बसून चिंचोक्यांची ओळ लावत राहिली. मी मध्ये एक चिंचोका उचलला तर असा टाहो फोडला की शेजारचा खंडू कुंपणावरून डोकावला. निघताना एसटीच्या थांब्यावर तुम्ही माझ्या हातात फणसपोळीची पुडी दिलीत आणि म्हणालात, "वायट वाटून घेव नको गो नलू. तू नसलंस काय ता 'आई' म्हणान हाक मारता."

वन्सं, त्या एका वाक्यावर मी किती काळ काढलाय ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. कारखान्यात मी टेलिफोनच्या बोर्डावर बसते. दिवसभर हॅलो, थांबा, जोडून देते. सगळ्यांची बोलणी माझ्या हातून जातात. मधल्या रिकाम्या वेळात मी डोळे मिटून माझ्या पोरीचा आवाज कसा असेल ते ठरवत बसायचे. जरा बसका असेल असं मला वाटायचं, तुमच्या भावासारखा.

मग तिला मुंबईला आणली आणि ती कधीच बोलली नाही. इथे चहा-पाव खाईना, सकाळी पेजच हवी. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात. कोणाकडे बघेना. तेव्हा आम्ही दादरला एका मोठ्या डॉक्टरकडे गेलो होतो. त्याला मी अभिमानाने सांगितलं की ही गावी बोलायची, आई म्हणायची. तो म्हणाला, "म्हणजे हिला धक्का बसलाय. आधी आईपासून तोडली, मग जिने वाढवली तिच्यापासून तोडली. आई नोकरीत रमली की मूल असं मिटतं." यांच्यासमोर म्हणाला. हे त्याच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्हालाही असंच वाटतं?" तर म्हणाले, "पेपरवेट तळाला घासला गेलाय, म्हणून एका बाजूला कलतो."

असा माणूस तुम्ही माझ्या पदरात घातलात.

तर मुलुंडच्या बाईंनाही मी तेच सांगितलं, की ती आई म्हणायची. बाईंनी पेन थांबवलं. "तुम्ही स्वतः ऐकलंत?" म्हटलं, नाही, नणंदेने ऐकलं. त्या म्हणाल्या, "हे पक्कं कळायला हवं. बोलणारं मूल बोलायचं थांबलं असेल तर मला मेंदूच्या तपासण्या करायला लावाव्या लागतील, धक्क्याचाही विचार करावा लागेल, आणि तोवर मी कागद देऊ शकणार नाही. मुळात बोललीच नसेल तर चित्र सरळ आहे." त्या चित्राचं नाव ऑटिझम. मराठीत त्याला धड शब्द नाही म्हणाल्या. मी तीनदा म्हणवून घेतला तेव्हा माझ्या जिभेवर बसला.

म्हणून एकच सांगा. तिने हाक मारली होती का?

तुम्ही 'हो' म्हणालात तर दादरचा डॉक्टर खरा, मी पोरीला मुकी केली, आणि जूनची शाळा गेली. 'नाही' म्हणालात तर ते काही राहणार नाही, पण माझ्याकडे ती हाकही राहणार नाही. मला काय हवंय ते मलाच कळत नाही. जे झालं तेच सांगा.

नलिनी


घाटकोपर, १९ एप्रिल १९८७

वन्सं,

तुमचं कार्ड पोचलं. "इकडील सर्व क्षेम. मूल येथे सुखरूप होते व व्यवस्थित बोलत होते. काळजी नसावी. आंबा यंदा कमी." अक्षर मास्तरांचं आणि भाषाही मास्तरांची. तुमच्या तोंडचं त्यात एवढंच दिसलं, आंबा यंदा कमी.

रागाने पुष्कळ काही लिहिलं होतं, ते फाडलं. राग धरायलाही अंगात जोर लागतो. सकाळी उठून क्षमाचे दात घासायचे म्हणजे माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे. मग तिची पेज, यांचा डबा, सोनूबाईंकडे तिची रवानगी, बोर्डावर हॅलो-हॅलो, आल्यावर तिचे ओले कपडे. शनिवारी रिक्षाने मुलुंड. रिक्षातही मीटरकडे बघत हुंकार देत असते, मीटर पडला की खूश. तेवढं एक बघायला मला आवडतं.

बाई काय करतात ते सांगते, म्हणजे मी कोणा मांत्रिकाकडे जाते असं वाटायला नको. एक टोपली आहे, त्यात ठोकळे, बाहुली, कपबश्या. बाई बाहुलीला चहा पाजतात आणि क्षमाला म्हणतात, आता तू पाज. क्षमा कप घेते आणि उलटा करून भिंगरीसारखा फिरवते. बाई तिच्यासमोर बसून रडण्याचं सोंग करतात. ती बघतसुद्धा नाही. पाणी हवं असलं की ती माझं मनगट धरते, ओढत माठाकडे नेते आणि माझा हात माठावर ठेवते. तोंडाकडे बघत नाही, नुसता हात नेते. मी बाईंना म्हटलं, "बघा, मला सांगते ना." बाई म्हणाल्या, "हेही एक लक्षण आहे. ती तुमचा हात पक्कडीसारखा वापरते." त्यांनी ते लिहून घेतलं. घरी येईपर्यंत मी मनगटाला हात लावत होते.

आता तुमच्या भावाचं. एका शनिवारी त्यांना साकीनाक्याच्या वर्कशॉपला सुट्टी होती म्हणून सोबत नेलं. बाईंच्या बाहेरच्या खोलीत बसले. मी आत. तासाने बाहेर येते तर हे स्टुलावर उभे, पंखा उतरवलेला, भाग ओळीने वर्तमानपत्रावर मांडलेले. मी शरमेने अर्धी झाले. बाई मात्र त्या ओळीकडे बघत राहिल्या, मग क्षमाने मांडलेल्या ठोकळ्यांच्या ओळीकडे. म्हणाल्या, "तुमच्याशीही थोडं बोलू का?"

मी म्हटलं, यांना काय झालंय? बाई म्हणाल्या, "काही झालं नाही. मोठ्या माणसांचं असं आपल्याकडे कोणी तपासत नाही, मी कागदबिगद देणार नाही. पण मुलीला समजून घ्यायला मदत होईल."

मी दारापाशीच बसले होते, सगळं ऐकलं. लहानपणी मित्र कोण होते? "नव्हते." वाईट वाटायचं? "नाही. आंब्याच्या माळ्यावर बसायचो, तिथे कोणी यायचं नाही." लग्नात काय आवडलं? "बँडवाल्यांचा जनरेटर." मग बाईंनी विचारलं, "बायकोचा राग येतो का? तुम्ही तिच्याशी बोलत नाही म्हणते." हे म्हणाले, "राग नाही. ती घरात असली की बरं असतं. नसली की खोली मोठी वाटते."

"मग हे तिला कधी सांगितलंत?"

"ती असतेच ना घरात. तिला दिसतं."

वन्सं, नऊ वर्षं मी समजत होते की या माणसाला मी नको आहे. पहिल्या दिवाळीला नवी साडी नेसून पुढे उभी राहिले, तर म्हणाले, "दारातून सर, उजेड अडतो." माहेरी जाऊन रडले होते. आता त्या बाईंच्या दाराशी बसून मला हसू येत होतं आणि रडूही. तुम्ही तरी एकदा सांगायचं होतंत की हा असाच आहे. तुम्ही वाढवलात ना याला.

बाईंना मी तुमचं कार्ड दाखवलं. त्या म्हणाल्या, "यावर मी काही लिहू शकत नाही." मग हेच म्हणाले, "मी विचारून येतो." मे महिन्यात वर्कशॉप बंद असतं तेव्हा येत आहेत. मी त्यांना काही शिकवून पाठवलेलं नाही. शिकवता येत असतं तर नऊ वर्षांत शिकवलं नसतं?

नलिनी


घाटकोपर, २४ मे १९८७

वन्सं,

हे पत्र मास्तरांकडे नेऊ नका. तुम्हाला अक्षरं लावून लावून वाचता येतं असं हे म्हणाले, म्हणून मोठ्या अक्षरात आणि सुटं सुटं लिहिते आहे. दुपारी दार लावून घ्या. आज नाही संपलं तर उद्या वाचा.

कार्डावर तुम्ही खरं का सांगितलं नाहीत ते मला उशिरा सुचलं. मास्तरांच्या हाताने कसं सांगणार? चावडीवर सांगितल्यासारखंच ते. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

तुमचे भाऊ परवा आले. पिशवीतली आमसुलं, कुळीथ काढून ठेवले, आंघोळ केली, जेवले. मी विचारलं नाही. मग खाटेवर बसून त्यांनी आपणहून त्यांच्या 'बाय'चं, म्हणजे तुमचं, सांगायला सुरुवात केली. तुम्हाला माहीत आहे ना ते कसे सांगतात? तुमचेच शब्द, तुमच्याच आवाजात, कुठे थांबलात तेसुद्धा. तुम्ही काय सांगितलंत ते तुम्हाला माहीत आहे. माझ्यापर्यंत ते कसं आलं, ते तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

"बाय चुलीकडे होती. मी विचारलं. ती म्हणाली, आधी पेज खा. मी खाल्ली. परत विचारलं. ती म्हणाली, रे दशरथा, तेना हाक कधी मारूकच नाय. ता कधी बोलूकच नाय. नलू एसटीत चढताना फाटी वळान वळान बघत होती. माका बघवाक नाय. म्हणान सांगलंय."

मग हे थांबले. म्हणाले, "इथे ती रडली." आणि तेवढा वेळ गप्प बसून राहिले. खरंच तेवढाच वेळ असणार.

"मग म्हणाली, घराक येवन देवाक गाऱ्हाणा घातलंय. बा देवा म्हाराजा, मी खोटा बोललंय, आता तूच ता खरा कर. मी विचारलं, मग गणपतीत अंगणात तसं का बोललीस? ती म्हणाली, सगळी माकाच इचारूक लागली, तुझ्याकडे होता तेव्हा कसा होता. मी भियालंय. एकदा सांगललंय ताच परत सांगलंय."

मी खाली बसले होते. क्षमा माझ्या पाठीला पाठ लावून वाटी फिरवत होती. मला वाटलं संपलं, तर हे पाणी प्यायले आणि पुढे सांगू लागले.

"मग म्हणाली, आवशीक पण असाच सांगललंय. तूय सात वर्षांचो होईसर बोलूक नाय. आवस जाताना तुझी वाट बघत होती. मी तिका सांगललंय, दशरथान हाक मारल्यान गो. ती हसली. मग गेली."

आणि मग आपल्या आवाजात, भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाले, "मी हाक मारली नव्हती. मी माळ्यावर होतो. बायला म्हटलं, मला माहीत आहे."

वन्सं, तुम्ही तेव्हा सतरा-अठराच्या असाल. एकट्या, मरणाऱ्या आईच्या उशाशी, आणि न बोलणारा भाऊ माळ्यावर. तुमच्या जागी मी काय केलं असतं? मीही तेच सांगितलं असतं. आवस हसत गेली, तेव्हा तुम्हाला वाटलं असणार की हे औषध लागू पडतं. तेच तुम्ही मला दिलंत. फरक एवढाच की मी गेले नाही. मी जिवंत राहिले आणि त्यावर विसंबून राहिले.

तुमच्यावर मी चिडले आहे. खोटं कशाला सांगू? एसटीच्या थांब्यावरचं मी कधीच सोडून दिलं असतं, अंगणातलं सोडवत नाही. पण तुम्ही क्षमाला ठेवलीत तेव्हा ती तुम्हाला वेगळी दिसलीच नाही, हे आता मला पटतं. तुम्ही एक दशरथ वाढवला होता, हा दुसरा. वेळेवर पेज, तीच जागा, तेच चिंचोके, उगाच कोणी उचलायचं नाही. सातव्या वर्षी बोलेल, असं तुम्ही धरून चालला होतात. म्हणूनच ती तुमच्याकडे शांत होती.

शनिवारी बाईंपुढे यांनी सगळं पुन्हा म्हटलं, तसंच, त्याच ठिकाणी थांबून. बाई मूळच्या सदाशिव पेठेतल्या, त्यांना मालवणी कळेना. त्या म्हणाल्या, "भियालंय म्हणजे?" यांनी अर्थ सांगायच्या ऐवजी पहिल्यापासून परत म्हटलं. शेवटी मीच, भियालंय म्हणजे घाबरले, असा एकेक अर्थ सांगत गेले. माझ्याच तोंडाने मला सांगावं लागलं की ती आई म्हणाली नाही, कधीच म्हणाली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "नलिनीताई, हे तुमच्या नोकरीने झालेलं नाही. गावाने झालं नाही, मुंबईनेही झालं नाही. ती जन्मापासून अशी आहे. तुम्ही तिचं काहीही मोडलेलं नाही." मी विचारलं, यांच्यासारखी सातव्या वर्षी बोलेल का? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. प्रत्येक मूल वेगळं. नाही बोलली तरी शिकेल." हातचं काही राखलं नाही आणि वर काही घातलंही नाही.

मी जिन्यात येऊन बसले. इतकी वर्षं वाहिलेला दोष उतरला होता. मोकळं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण तो बसका आवाज, जो मी बोर्डावर बसून ठरवला होता, तो आता कोणाचाच नव्हता. त्याच्यासाठी मी तिथे रडले. हे येऊन पायरीवर बसले, मध्ये एक पायरी सोडून. म्हणाले, "खालच्या दुकानात पंखा दुरुस्तीला आलाय. बघून येऊ?" म्हटलं, बघून या. ते गेले नाहीत, बसून राहिले.

नलिनी


घाटकोपर, २१ जून १९८७

वन्सं,

बाईंनी कागद दिला. त्यावर इंग्रजीत तो शब्द आहे, आणि इतिहास सांगणाऱ्या नातेवाइकांत तुमचं नाव लिहिलं आहे, जानकी. मी बाईंना सांगून लिहायला लावलं.

क्षमा शाळेत जाऊ लागली. चारच मुलं आणि दोन बाया. पहिल्या दिवशी इतकी रडली की उलटी झाली. मला वाटलं, झालं, इथूनही परत. तिथल्या क्षमाच्याच वयाच्या एका मुलाची आई म्हणाली, "अहो, हे काहीच नाही, आमच्याने तर पडदा फाडला होता." इतकं बरं वाटलं मला त्या फाटक्या पडद्याचं. आता जाते. रडत जाते, पण जाते. सोनूबाईंच्या दाराची वरची कडी काढून टाकली, निदान सकाळपुरती तरी.

तुम्ही यांच्याकडे निरोप पाठवलात की मी माफ केलं का ते कळव. माझ्याने एवढ्यात होणार नाही, पण होईल. तोपर्यंत तुमची आमसुलं मी रोज आमटीत घालते आहे, यावरून काय ते समजा.

परवाची एक गोष्ट सांगते. मी तापाने पडून होते. सोनूबाईंनी पेज करून आणली, यांनी माठातलं पाणी क्षमापुढे धरलं. दोघांनाही तिने ढकललं. अंथरुणापाशी आली, माझं मनगट धरलं आणि ओढायला लागली. उठवेना, पण उठले. माझा हात माठावर ठेवला. मी पाणी दिलं, ती प्यायली आणि निघून गेली. बाईंना सांगितलं तर त्या हेही लिहून घेतील, लक्षण म्हणून. घेऊ देत. घरात देणारे तीन हात होते आणि तिला माझाच हवा होता. मला आता एवढं पुरतं. पुरत नाही त्या दिवशीही दुसरं काही नाही.

मग एकदम भीती वाटली. तिला माझाच हात लागतो, आणि मी काही कायमची नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही देवाला घातलेलं ते गाऱ्हाणं मागे घ्या. तुमचं खोटं खरं करायचं ओझं त्याच्यावर नको. तिचं तोंड उघडू दे, असंही मागू नका. बोलायची असेल तर बोलेल. देवाला सांगा, बा म्हाराजा, आम्ही दोघं नसू तेव्हा हे चेडू ज्याचं मनगट धरील, त्याने ते सोडवून घेऊ नये. तुम्हाला गाऱ्हाणं घालता येतं, मला येत नाही. माझ्या नावाने घाला.

आणि आम्ही परत निघू तेव्हा एसटीच्या थांब्यावर मला काही सांगू नका. नुसत्या उभ्या राहा.

क्षमाची पेज सकाळी त्याच वेळी लागेल. चिंचोके असतील तर काढून ठेवा. गणपतीला येतो आहोत. या वेळी उठेपर्यंत राहू.

तुमची
नलू